हातावर पोट, पोटाला खिडकी

ह्यूरन आणि मिशिगन ही दोन महासरोवरे जिथे एकमेकांना भेटतात, तिथे मॅकिनॉ नावाचे एक छोटे बेट आहे. बेटावर १८९८ पासून मोटारींना बंदी आहे. त्यामुळे तिथे अजून घोडागाड्या धावतात आणि उन्हाळ्यात पर्यटकांची झुंबड उडते. दोनशे वर्षांपूर्वीही तिथे उन्हाळ्यातच झुंबड उडायची, पण ती कातड्यांसाठी. हिवाळाभर उत्तरेच्या रानात मारलेल्या जनावरांची कातडी बर्फ वितळले की होड्यांमधून या बेटावर उतरायची. तिथे ती झटकली, मोजली, निवडली जायची आणि गठ्ठे बांधून पूर्वेला रवाना व्हायची. त्यांत मान असे बीव्हरचा. ओढ्यांवर बांध घालून राहणाऱ्या या प्राण्याच्या आतल्या मऊ लोकरीचा नमदा करत आणि त्या नमद्याच्या उंच टोप्या लंडन-पॅरिसचे साहेब डोक्यावर मिरवत.

साहेबाच्या डोक्यावरच्या त्या टोपीखाली कितीतरी माणसांच्या पाठी मोडलेल्या असत. माल वाहणारे बहुतेक फ्रेंच भाषक कॅनडियन होते. त्यांना व्हॉयाजर म्हणत. शब्दाचा अर्थ प्रवासी, काम मात्र नावाड्याचे आणि हमालाचे. दिवसभर वल्ही मारायची आणि नदीत धबधबा आडवा आला की होडी रिकामी करून माल पाठीवर घ्यायचा. एकेक गठ्ठा ९० पौंडांचा, म्हणजे सुमारे ४१ किलोचा. कपाळावरून घेतलेल्या चामडी पट्ट्याच्या आधाराने असे दोन गठ्ठे एका खेपेला न्यायची रीत होती. खायला राखेच्या क्षारपाण्यात सोलून वाळवलेला मका, आणि त्यात गुराच्या चरबीचा गोळा. माँट्रियलहून नुकत्याच आलेल्या पोरांना रानात मुरलेली मंडळी ‘डुक्कर खाणारे’ म्हणून हिणवत, कारण त्यांना वाटेत खारवलेले डुकराचे मांस मिळायचे. माणसाची पायरी तो काय पचवतो त्यावरून ठरायची.

हातावर पोट असलेल्या या माणसांपैकी एक होता आलेक्सी सेंट मार्टिन. माणसाच्या पोटात अन्नाचे काय होते हे जगाला सविस्तर कळले ते त्याच्यामुळे, आणि ते कळावे अशी त्याची मुळीच इच्छा नव्हती.

६ जून १८२२ ची सकाळ. बेटावर जॉन जेकब ॲस्टरच्या अमेरिकन फर कंपनीचे दुकान होते. दुकानात गर्दी, आणि कोणाच्या तरी हातात छर्‍यांनी भरलेली बंदूक. ती चुकून उडाली. आलेक्सी अवघ्या दोन-तीन फुटांवर उभा होता. डाव्या स्तनाखाली तळहाताएवढी जखम झाली, सदर्‍याने पेट घेतला, बरगड्या फुटल्या. फुप्फुसाचा एक तुकडा बाहेर आला आणि त्याच्याखाली जठराचाही. जठराला भोक पडले होते. त्यातून सकाळची न्याहारी बाहेर पडत होती.

टेकडीवरच्या किल्ल्यातून लष्करी डॉक्टर धावत आला. त्याचे नाव विल्यम बोमाँट. जन्म १७८५, कनेटिकटमधल्या एका शेतकर्‍याच्या घरी. वैद्यकीय कॉलेजची पायरी तो कधी चढला नव्हता. व्हर्माँटमधल्या एका डॉक्टराच्या हाताखाली राहून, पुड्या बांधत आणि जखमा धूत तो शिकला आणि १८१२ च्या ब्रिटिशांविरुद्धच्या युद्धात त्याचा हात बसला. त्या दिवशी आत दाबायचे फुप्फुस एका बरगडीच्या टोकात अडकत होते. त्याने खिशातल्या चाकूने ते टोक छाटले, फुप्फुस आत ढकलले आणि जखम बांधली. तिथे हजर असलेला कंपनीचा कारकून गर्डन हबर्ड याने पुढे लिहून ठेवले आहे की हा माणूस ३६ तासही जगणार नाही, असे डॉक्टर म्हणाला होता.

माणूस जगला. पहिले १७ दिवस खाल्लेले सगळे जखमेतून बाहेर यायचे, म्हणून त्याला गुदद्वारातून पोषक द्रव दिले गेले. मग आतड्यांनी काम पुन्हा हाती घेतले. ताप आला, पू झाला, हाडांच्या कपच्या निघाल्या, आणि हळूहळू जखम भरत गेली. भोक मात्र बुजेना. जठराची कड बरगड्यांमधल्या कातडीला चिकटली आणि तिथेच भरून आली. राहिली ती एक कायमची गोल वाट. तिचा घेर अडीच इंच. सुरुवातीला जेवण आत राहावे म्हणून तिच्यावर पट्टी घट्ट बांधावी लागे. पुढे जठराच्याच आतल्या अस्तराची एक घडी पडद्यासारखी त्या वाटेवर आली. आतले बाहेर येणे थांबले, पण बोटाने पडदा सारला की आत सरळ पाहता येई.

१८२३ मध्ये बेटाच्या कारभार्‍यांनी खर्चाला हात वर केले. या निकामी हमालाला होडीत घालून शेकडो मैलांवरच्या त्याच्या मुलखात धाडायचे ठरले. बोमाँटने त्याला आपल्या घरी ठेवून घेतले. पुढे त्याने सरकारला लिहिलेल्या अर्जांत हा दयेचा भाग म्हणून सांगितला आहे, आणि तो खोटा म्हणता येत नाही. लष्करी डॉक्टराच्या तुटपुंज्या पगारात त्याने या माणसाला दोन वर्षे पोसले. पण आलेक्सी त्या घरात लाकडेही फोडत होता, वरकामही करत होता. आणि १८२५ पर्यंत बोमाँटला कळून चुकले होते की आपल्या घरात जगातली एक दुर्मीळ खिडकी आहे.

त्या खिडकीची किंमत कळायला थोडे मागे जावे लागते. पोटात अन्नाचे होते काय, यावर तोवर दोन हजार वर्षे वाद चालू होता. आपल्याकडे उत्तर होते अग्नी. जठराग्नी अन्न शिजवतो. चरकसंहितेने त्याच्या मंद, तीक्ष्ण, विषम आणि सम अशा चार तर्‍हा सांगितल्या, आणि मराठी घरांत ‘अग्निमांद्य’ हा शब्द अजून जिवंत आहे. जेवण जड झाले की अगस्तीचे नाव घेऊन पोटावरून हात फिरवणारी म्हातारी माणसेही आहेत. वातापी हा राक्षस बोकड होऊन पोटात जायचा आणि भावाने हाक मारली की पोट फाडून बाहेर यायचा. अगस्तीने त्याला हाक येण्याआधीच पचवून टाकले. ग्रीक वैद्य गेलेनही शरीराच्या उष्णतेने अन्न शिजते असेच म्हणत होता. सतराव्या शतकात युरोपात यंत्रांचे वेड आले तेव्हा काहींना जठर हे जाते वाटले, काहींना ते आंबवणीचे पिंप वाटले. लंडनचा शरीरशास्त्रज्ञ विल्यम हंटर या वादाला कंटाळून म्हणाला होता की जठर ही गिरणीही नाही आणि पातेलेही नाही, जठर हे जठरच आहे.

प्रत्यक्ष पाहण्याचा पहिला चांगला प्रयत्न एका घारीवर झाला. घार न पचणारी हाडे-पिसे उलटून टाकते. फ्रान्सच्या रेओम्यूरने १७५२ मध्ये हेच हेरले. दोन्ही तोंडांना जाळी लावलेल्या धातूच्या नळीत त्याने मांस भरले आणि नळी घारीला गिळायला लावली. घारीने ती बाहेर टाकली तेव्हा आतले मांस विरघळत आले होते. नळीच्या आत कोणते जाते पोचणार? म्हणजे पचवणारा होता रस. इटलीच्या स्पालान्झानीने पुढे कापडी पिशव्यांत अन्न शिवून त्या स्वतःच गिळल्या. जठररस आणि मांस भरलेल्या नळ्या ऊब मिळावी म्हणून तो दिवसचे दिवस काखेत धरून बसे. एखाद्या विषयावर इतके प्रेम क्वचितच कोणी केले असेल. १८२४ मध्ये विल्यम प्राउटने प्राण्यांच्या जठरातले आम्ल ओळखले. ते हायड्रोक्लोरिक आम्ल होते, म्हणजे मिठाशी नाते सांगणारे जहाल आम्ल. ते जिवंत पोटात असते, हे कित्येकांना पटलेच नाही. जिवंत, धडधाकट, बोलणार्‍या माणसाच्या पोटात डोकावणे अजून क्वचितच कोणाला जमले होते.

१ ऑगस्ट १८२५, दुपारचे बारा. बोमाँटची बदली आता नायगारा किल्ल्यावर झाली होती. त्याने रेशमी दोरा घेतला आणि थोड्या थोड्या अंतरावर त्याला तुकडे बांधले: मसाला घातलेले शिजवलेले गोमांस, खारवलेली कच्ची डुकराची चरबी, खारवलेले कच्चे गोमांस, उकडलेले खारे गोमांस, शिळा पाव आणि कच्ची कोबी. ही माळ त्याने खिडकीतून आत सोडली. आलेक्सी घरकामाला लागला. एक वाजता दोरा ओढून पाहिला. कोबी आणि पाव निम्मे उरले होते, मांस जसेच्या तसे. पुन्हा आत. दोन वाजता कोबी, पाव, चरबी आणि उकडलेले गोमांस दोर्‍यावरून साफ गेले होते. बाकीचे तुकडे किंचित बदलले होते. पुढे आलेक्सीला मळमळ आणि पोटदुखी सुरू झाली आणि दुसर्‍या दिवशीही त्याचे पोट बिघडलेले होते. पचनशास्त्रातला हा नावाजलेला प्रयोग. त्याचे वर्णन वाचताना दोर्‍याच्या दुसर्‍या टोकाला एक माणूस होता आणि तो घरकाम करत होता, हे विसरायला होते.

सहा दिवसांनी बोमाँटने एक औंस जठररस रबरी नळीने काढून घेतला, बाटलीत भरला आणि त्यात मांसाचा तुकडा टाकला. पोटातले तापमान त्याने आधी मोजले होते. ते १०० अंश फॅरनहाइट निघाले. बाटलीही तेवढ्याच ऊन पाण्यात ठेवली. त्याच मापाचा दुसरा तुकडा दोर्‍याने आलेक्सीच्या पोटात गेला. पोटातला दोन तासांत संपला. बाटलीतल्याला दहा तास लागले, पण तोही विरघळलाच. न चूल, न जाते, न प्राण. काचेच्या बाटलीतही पचन होते, हा निकाल लागला.

आणि सप्टेंबरमध्ये आलेक्सी पळाला.

बोमाँट त्याला घेऊन सुटीवर गेला होता. कॅनडाची सीमा जवळ दिसताच आलेक्सीने न विचारता आपल्या गावची वाट धरली. बोमाँटला हा कृतघ्नपणा वाटला आणि त्याची पत्रे या संतापाने भरलेली आहेत. आलेक्सी लिहू-वाचू शकत नव्हता, म्हणून त्याची बाजू कागदावर नाही. त्याने काय केले ते मात्र ठाऊक आहे. त्याने लग्न केले. मुले झाली. आणि पोटात भोक असताना पुन्हा कातड्यांच्या धंद्यात वल्ही मारली.

चार वर्षांनी फर कंपनीच्याच माणसांमार्फत बोमाँटने त्याला शोधून काढले. १८२९ मध्ये आलेक्सी बायको-मुलांसह मिसिसिपीच्या काठी, प्रेअरी दु शीन इथल्या क्रॉफर्ड किल्ल्यावर आला. प्रवासाचा आणि कुटुंबाचा खर्च बोमाँटने उचलला. इथे प्रयोग पुन्हा सुरू झाले आणि मधूनमधून त्याच खिडकीच्या मालकाने सरपणही फोडले. १८३१ च्या वसंतात बायकोला घरची ओढ लागली आणि कुटुंब उघड्या होडीतून नद्या-सरोवरे पार करत परतले. जठराला भोक असलेला माणूस दीड-दोन हजार मैल वल्ही मारत गेला, याची नोंद बोमाँटने कौतुकाने केली आहे. पचन किती चिवट असते याचा तो पुरावाच होता.

तिसर्‍या वेळी बोमाँटने कागद केला. १९ ऑक्टोबर १८३२ च्या या करारानुसार आलेक्सीने वर्षभर बोमाँटची चाकरी करायची, तो नेईल तिथे जायचे, आणि जठरावर जे प्रयोग तो करील ते करू द्यायचे. आपले जठर त्याला हवे तेव्हा दाखवायचे हेही त्यात आले. मोबदला अन्न, वस्त्र, निवारा आणि वर्षाचे १५० डॉलर, पैकी ४० आगाऊ. वैद्यकीय प्रयोगाला माणसाने लेखी संमती देण्याचा हा अगदी सुरुवातीचा नमुना म्हणून आज तो कागद शिकवला जातो. वाचला तर तो नोकरनाम्यासारखा दिसतो. शेवटी सहीच्या जागी आलेक्सीची फुली आहे. खर्चाचा भार हलका करायला बोमाँटने आणखी एक युक्ती केली. त्याने आलेक्सीला वॉशिंग्टनमध्ये लष्कराच्या पटावर सार्जंट म्हणून घालून घेतले, महिना १२ डॉलरवर. व्हॉयाजराचे पोट अमेरिकन सैन्यात भरती झाले.

बोमाँटला आत दिसले तरी काय? रिकामे जठर फिकट गुलाबी, मखमलीसारखे मऊ, वर पातळ बुळबुळीत थर. अन्नाचा घास पडला की अस्तरावर घामाच्या थेंबांसारखे बारीक थेंब उमटायचे आणि ओघळायचे. त्या आधी कित्येकांची समजूत होती की उपाशी पोटी रस साठून राहतो आणि म्हणून भूक लागते. रिकाम्या पोटी रस जवळजवळ नसतोच, असे बोमाँटने दाखवले. कसे, ते ऐकून आजचा डॉक्टर दचकेल: तो पडदा सारून जठराच्या अस्तराला जीभ लावायचा. उपाशी पोटी चव आंबट लागत नसे, अन्न पडले की लागे. आत उष्णतामापी सोडला की जठराचे स्नायू तो पकडून खाली ओढत, फिरवत, पुन्हा वर ढकलत. गिरणीवाले अगदीच चुकले नव्हते म्हणायचे. जठर घुसळते, पण दळत नाही.

दारू पिऊन आल्यावर अस्तरावर लाल चट्टे आणि फोड दिसायचे, तेही आलेक्सीला काही जाणवत नसताना. ताप असेल तर अस्तर कोरडे पडायचे आणि रस आटायचा. आणि आलेक्सी चिडला की पचन मंदावायचे, एरवी जठरात न सापडणारे पित्तही तेव्हा वर चढलेले दिसायचे. इथे मराठी वाचकाने जरा थांबावे. आपण छातीत जळजळले की ‘पित्त झाले’ म्हणतो, पण बहुधा ते जठरातले आम्ल असते. पित्त यकृतात तयार होऊन जठराच्या पुढच्या आतड्यात उतरते. ते उलट जठरात चढायला काहीतरी बिघडावे लागते. बोमाँटला ते दिसले रागात. चिडलेला माणूस वारंवार हाताशी असायला प्रयोगही तसेच होते, हे त्याने लिहिलेले नाही.

या प्रयोगांवर बोमाँटने लिहिलेल्या पुस्तकातले सर्वांत गाजलेले पान म्हणजे कोणते अन्न जठरातून किती वेळात पुढे जाते त्याचा तक्ता. उकडलेला भात एक तास. मेनूतला विजेता तोच, खारवलेल्या डुकराच्या पायांच्या बरोबरीने. उकळलेले दूध दोन तास, कच्चे सव्वादोन. कच्ची कोबी अडीच तास, तीच व्हिनेगर घालून दोन, आणि शिजवली तर चक्क साडेचार. कडक उकडलेले अंडे साडेतीन तास, भाजलेले डुकराचे मांस सव्वापाच. उपास करणार्‍यांसाठी सांगायचे तर सागो पावणेदोन तास, टॅपिओका दोन. आपला साबुदाणा टॅपिओकाचा. अर्थात हे आकडे एकाच माणसाच्या एकाच पोटाचे, आणि भराभर पुढे सरकणारे अन्न चांगलेच असेही नाही. पण पुढची कित्येक वर्षे आहाराच्या पुस्तकांतून हा तक्ता वेदवाक्यासारखा छापला जात होता.

तक्त्यात एक नोंद गंमतीची आहे: बैलाचे जठर, एक तास. म्हणजे आलेक्सीचे जठर बैलाचे जठर तासाभरात फस्त करत होते आणि स्वतःला मात्र काही होऊ देत नव्हते. मेल्यावर माणसाचे जठर स्वतःलाच पचवू लागते, हे विल्यमचा भाऊ जॉन हंटर याने १७७२ मध्ये दाखवले होते. जिवंतपणी का नाही, याचे उत्तर बोमाँट रोज पाहत होता: तो बुळबुळीत थर. जाड चिकट स्राव, त्यात अडकलेले आम्लाला मारणारे क्षार, आणि काही दिवसांत बदलणार्‍या पेशींचे नवे नवे अस्तर. जठर सतत नवे होत असते म्हणून टिकते.

१८३३ मध्ये प्लॅट्सबर्ग या गावी बोमाँटने पुस्तक स्वतःच छापले. १,००० प्रती, दोनशेहून अधिक प्रयोग, शेवटी ५१ निष्कर्ष. रसायने तपासायला त्याने जठररसाची बाटली स्वीडनच्या बर्झेलियसकडे पाठवली, पण प्रवासात महिने गेले आणि तिकडून काही उपयोगाचे उत्तर आले नाही. व्हर्जिनियाच्या रॉबली डंग्लिसनने मात्र हायड्रोक्लोरिक आम्ल असल्याचे सांगितले. म्हणजे प्राउट बरोबर होता. पण बोमाँटला एक गोष्ट खटकत राहिली. नुसते आम्ल घेतले तर मांस रसासारखे पचत नाही, म्हणजे रसात आणखी काहीतरी आहे. ते काहीतरी तीन वर्षांत सापडले. १८३६ मध्ये थिओडोर श्वानने त्याला पेप्सिन असे नाव दिले. रानातल्या किल्ल्यावर बसून, पदवीशिवाय, माणसाने इतके नेमके पाहावे याला तोड नाही, आणि त्याचबरोबर तो माणूस दुसर्‍या माणसाला आपल्या मालकीच्या वस्तूसारखे वागवत होता. दोन्ही एकाच वहीत आहे.

बोमाँट कुठे कमी पडला तेही सांगायला हवे. त्याला खिडकी जठरालाच होती, आणि जठर हे पचनाचे ओसरीचे दालन आहे. तोंडातली लाळ पिष्टाला फोडायला लागते, जठर त्याचा लगदा करते, पण खरे काम पुढच्या सुमारे सहा मीटर लहान आतड्यात होते. तिथे पित्त चरबी बारीक करते, स्वादुपिंडाचा रस पिष्ट, प्रथिने, चरबी सगळ्यांना तोडतो, आणि आतड्याच्या भिंतीवरच्या लाखो बोटांसारख्या उंचवट्यांतून तुकडे रक्तात जातात. शिवाय बोमाँटला वाटले की अन्नाचा स्पर्श झाल्याशिवाय रस सुटत नाही. रशियाच्या इव्हान पाव्हलोव्हने ते खोडले. त्याने कुत्र्यांची अन्ननलिका गळ्यातच बाहेर काढली. कुत्रे खात राहायचे, घास गळ्यातून बाहेर पडायचे आणि जठरात एक कणही न जाता रस वाहू लागायचा. तोंडाला पाणी सुटते तसे पोटालाही सुटते. पाव्हलोव्हला या पचनाच्या कामासाठी १९०४ चे नोबेल मिळाले. घंटेच्या प्रयोगासाठी नव्हे, जसे सर्रास समजले जाते. तो कुत्र्यांचा जठररस औषध म्हणून विकतही असे. आणि १९०२ मध्ये लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या आतड्याच्या तुकड्याच्या नसा तोडून त्यात आम्ल घातले, तरी स्वादुपिंड स्रवू लागले. निरोप रक्तातून गेला होता. अशा निरोप्यांना ‘हॉर्मोन’ हा शब्द स्टार्लिंगने १९०५ मध्ये दिला. हॉर्मोनची ही पहिली ओळख आतड्यातून झाली.

पाव्हलोव्हच्या कुत्र्यांना खिडक्या शस्त्रक्रियेने पाडलेल्या होत्या. बोमाँटच्या पुस्तकानंतर दहा वर्षांच्या आतच मॉस्कोच्या बासोव्हने आणि फ्रान्सच्या ब्लाँदलोने कुत्र्यांच्या जठराला अशी भोके करायला सुरुवात केली होती. ज्या खिडकीसाठी बोमाँट वर्षानुवर्षे एका माणसामागे धावत होता, ती आता कोणत्याही प्रयोगशाळेत मिळू लागली.

बोमाँट धावतच राहिला. १८३४ मध्ये आलेक्सी घरी भेटीला म्हणून गेला आणि परतला नाही. खर्च भरून मिळावा म्हणून अमेरिकन काँग्रेसपुढे आणलेले विधेयकही फेटाळले गेले. बोमाँट पत्रांमागून पत्रे धाडत राहिला, रक्कम वाढवत राहिला. आलेक्सीकडून कोणाच्या तरी हस्ताक्षरात उत्तरे येत: कुटुंबालाही आणतो, तर पैसे जास्त हवेत. बोमाँटला नुसता माणूस हवा होता, बायको-मुले नको. घासाघीस अखेरपर्यंत मिटली नाही. या पत्रव्यवहाराकडे पाहताना आलेक्सीला लोभी म्हणणार्‍यांनी एवढे आठवावे की त्याच्याकडे विकण्याजोगे दुसरे काही नव्हते. आयुष्यभर गठ्ठे वाहिलेल्या माणसाला भाव कसा करायचा ते ठाऊक होते. १८५३ मध्ये सेंट लुईसमध्ये बर्फाळ पायर्‍यांवरून घसरून झालेल्या जखमेने बोमाँट गेला. तीन वर्षांनी आलेक्सी स्वतःच एका बंटिंग नावाच्या फिरत्या गृहस्थाबरोबर शहरोशहरी आपले भोक दाखवत हिंडला. या वेळी कोणाच्या नोकरनाम्यावर फुली नव्हती.

नंतर तो क्वेबेकमधल्या सेंट तॉमास द जोलिएत या गावाजवळ राहिला, शेतावर राबला, लाकडे फोडली, गरीबच राहिला. २४ जून १८८० रोजी तो वारला, बोमाँटच्या मागे २७ वर्षे जगून.

माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात त्या वेळी विल्यम ऑस्लर होता. पुढे जगभर नावाजलेला डॉक्टर. त्याला हे जठर हवे होते, वॉशिंग्टनच्या लष्करी वैद्यकीय संग्रहालयात ठेवण्यासाठी, आणि तो पैसे मोजायला तयार होता. गावाकडून तार आली: शवविच्छेदनाला येऊ नका, आलात तर जीव जाईल. घरच्यांनी उन्हाळ्याच्या उकाड्यात प्रेत रीतीपेक्षा कितीतरी जास्त दिवस घरात ठेवले, डॉक्टरांच्या कामाचे काही उरू नये म्हणून. अंत्यसंस्काराच्या वेळी दुर्गंधीमुळे शवपेटी चर्चमध्ये नेता आली नाही. ती बाहेरच ठेवावी लागली. मग थडगे खणले, नेहमीपेक्षा खोल. आठ फूट.